बिऱ्हाड बदलताना

माणसाची साठी उलटली की त्याने दोन गोष्टी करू नयेत, असे आमच्या घरात वरचेवर बोलले जाते. जिना उतरताना फोनवर बोलू नये, ही एक. आणि चालत्या लॅपटॉपात सुधारणा करायला जाऊ नये, ही दुसरी. पहिली आज्ञा मी पाळतो. दुसरी मोडली, त्याचा हा कबुलीजबाब आहे. गोष्ट 2025 सालच्या दसऱ्याची. दसरा पडला साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तेव्हा मुहूर्ताला दोष देण्याचीही सोय उरली नाही.

आमचा लॅपटॉप 2014 साली घेतलेला. त्या साली जन्मलेली मुले तेव्हा पाचवीत होती. पण यंत्रांच्या हिशेबाने तो माझ्याहूनही वडील. ह्या एका लॅपटॉपात, पुण्यातल्या जुन्या वाड्यात असायची तशी दोन बिऱ्हाडे नांदतात. एकात विंडोज 10. ते सौभाग्यवतींचे, त्यांच्या भजनी मंडळाचे हिशेब आणि सोसायटीची पत्रे तिथे असतात. दुसऱ्यात लिनक्स, ते माझे. डिस्क एकच, पण मध्ये पार्टिशन घातलेले. वाड्याचा दिंडी दरवाजा मात्र सामाईक. यंत्र सुरू केले की त्या दरवाजात ‘ग्रब’ नावाचा पहारेकरी उभा राहतो आणि कोणाकडे जायचे म्हणून विचारतो. काही सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर यादीतल्या पहिल्याकडे सोडून देतो.

बिऱ्हाडांचे आपसांत बरे आहे. लिनक्सला विंडोजच्या खोल्यांत डोकावता येते. विंडोजला मात्र लिनक्सच्या खोलीचे दार तेवढे दिसते, आत काय ठेवले आहे ते वाचता येत नाही. भांडण झाले ते एकदाच, घड्याळावरून. यंत्राच्या पोटात एक घड्याळ असते. विंडोज त्यात इथली वेळ लावते, आणि लिनक्सची रीत ग्रिनिचची वेळ लावून वर साडेपाच तास मिळवण्याची. त्यामुळे मी काम करून उठलो की सौभाग्यवतींच्या पडद्यावर सकाळच्या साडेदहाला पहाटेचे पाच वाजलेले असत. ‘तुमच्यामुळे माझे घड्याळ मागे पडते,’ ही तक्रार मी पस्तीस वर्षे वेगळ्या अर्थाने ऐकत होतो; ह्या वेळी ती अक्षरशः खरी निघाली. लिनक्सला इथलीच वेळ पाळायला सांगितले आणि भांडण मिटले.

लिनक्स म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावे. 1991 साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने संगणकाचा कारभार चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि कोणीही घ्यावा, बदलावा म्हणून लोकांपुढे ठेवला. तो गाभा म्हणजे भाजणी. पण नुसती भाजणी कोणी खात नाही. तिच्यात मोहन कोणी किती घालायचे, तीळ घालायचे की ओवा, हे ज्याचे त्याने ठरवले, आणि प्रत्येक घरची चकली वेगळी झाली. ह्या घरोघरच्या चकल्यांना ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात. मंडळी लाडाने ‘डिस्ट्रो’ म्हणतात. उबुंटू ही एक, मिंट दुसरी, फेडोरा तिसरी, डेबियन चौथी. अशा शेकडो आहेत.

माझी होती उबुंटू, 2020 सालच्या एप्रिलातली. टाळेबंदीच्या दिवसांत मिरजेच्या भाच्याने फोनवरून एकेक पायरी सांगत ती माझ्याकडून बसवून घेतली होती. हिच्या प्रत्येक आवृत्तीला एका प्राण्याचे नाव असते. माझ्या आवृत्तीच्या वाट्याला मादागास्करचा फोसा आला होता. दिसायला मांजरासारखा, आणि कामातही तसाच. बोलावल्यावर येईलच असे नाही. पाच वर्षे तिची देखभाल होत राहिली आणि 2025 च्या मे महिन्यात नेहमीची मुदत संपली. देखभाल संपली म्हणजे यंत्र बंद पडत नाही, पण कुलपे जुनी होतात आणि चोर मात्र नवनवे येत राहतात. बदलणे भाग होते.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, आता डेबियन घाला. तुमच्या जुन्या यंत्राला हलके पडेल.’’

मी विचारले, ‘‘आणि शिकायचे पुन्हा पहिल्यापासून का?’’

‘‘छे हो! उबुंटू ही डेबियनचीच तर लेक. 2004 साली डेबियनवरूनच ती तयार केली. तुम्ही सासरहून माहेरी चाललात.’’

डेबियनची कुंडली मी मग वाचून काढली. इयन मर्डॉक ह्या तरुणाने 1993 च्या ऑगस्टात ती सुरू केली. मैत्रिणीचे नाव डेब्रा. तिचे अर्धे आणि आपले सगळे नाव जोडून त्याने ‘डेबियन’ केले. उखाणा घ्यायचा तर असा घ्यावा! मागे कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात आणि वाद झाला तर मतदान घेतात. 2022 साली असेच मत घेऊन त्यांनी वाय-फायसारख्या भागांना लागणारी, मूळ संहिता खुली नसलेली सामग्रीही मांडणीच्या डबीतच द्यायचे ठरवले. त्याआधी ती माणसाला वेगळी शोधत बसावी लागे. इथेही आवृत्त्यांना नावे आहेत, ती ‘टॉय स्टोरी’ ह्या चित्रपटमालेतल्या खेळण्यांची. 9 ऑगस्ट 2025 ला तेरावी आवृत्ती आली, तिचे नाव ट्रिक्सी. म्हणजे त्यातले तीन शिंगांचे निळे डायनोसॉर. मांजर जाऊन घरात डायनोसॉर येणार, एवढे मी सौभाग्यवतींना सांगितले नाही.

खरी अडचण निराळी होती. 2020 साली उबुंटू बसवताना आम्ही तिला जे काय पाहिजे ते तूच ठरव म्हटले होते. आणि तिच्या रीतीप्रमाणे तिने प्रणाली आणि माझे सामान एकाच खोलीत ठेवले. स्वयंपाक त्याच खोलीत, आणि देवही त्याच खोलीत. नवीन प्रणाली घालायची तर ती खोली आधी धुऊन काढायची. म्हणजे सामान बाहेर काढून ठेवलेच पाहिजे.

सामान म्हणजे माझे लेख, फोटो, विम्याचे कागद, आणि आई.

आई 2013 साली गेली. तिच्या आधीच्या वर्षी मी मिरजेला अक्काकडे महिनाभर राहिलो होतो. आई दुपारी जरा बरी असली म्हणजे लहानपणी जात्यावर म्हटलेल्या ओव्या म्हणे, आणि मी फोन जवळ ठेवून त्या टिपत असे. अशा तेवीस फाइली झाल्या. साऱ्याच काही ओव्या नाहीत. एकीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण आहे, एकीत शेजारच्या लग्नात पंगतीला मीठ कमी पडल्याची हकीकत आहे, आणि निदान चार ठिकाणी, ‘‘ते बंद कर आधी, उगीच वीज जळते,’’ असे आहे. ह्या तेवीस फाइली आमच्या लॅपटॉपात, लिनक्सच्या बिऱ्हाडात होत्या. दुसरीकडे कुठेही नव्हत्या.

मी काही अगदीच गाफील माणूस नव्हे. गणपतीतच मी सगळ्याच्या नकला काढल्या. लेख आणि फोटो फोल्डरसकट पेन-ड्राइव्हवर घेतले. आईचे सगळे ध्वनिमुद्रण गाणी वाजवायच्या प्रोग्रामात ‘आई’ ह्या नावाखाली एकत्र लावून ठेवलेले होते. तिथे ‘जतन करा’ अशा अर्थाची सूचना दिसली. मी ती दाबली, पेन-ड्राइव्ह दाखवला, आणि क्षणात काम झाले. एवढ्या झटकन झाले ह्याचे मला कौतुकच वाटले. तरी खात्री असावी म्हणून पेन-ड्राइव्हवरची ‘आई’ उघडली. आई गाऊ लागली. आणखी एक उघडून पाहिले. भाजणीचे प्रमाण ऐकू आले. मग तशीच दुसरी नक्कल करून भाच्याबरोबर अक्काला पाठवली. एक नक्कल पुण्यात, एक मिरजेत! ह्याहून माणसाने काय करावे?

मधला पंधरवडा पितरांचा म्हणून सौभाग्यवतींनी यंत्राला हात लावू दिला नाही. मग नवरात्र. दसऱ्याला सकाळी लॅपटॉपवर झेंडूचे फूल वाहिले आणि संध्याकाळी, सोने वाटणारी मंडळी येऊन गेल्यावर, मी कामाला बसलो.

डेबियनची मांडणी म्हणजे प्रश्नांची पंगत असते. भाषा कोणती, देश कोणता, यंत्राचे नाव काय ठेवू, परवलीचा शब्द कोणता; उत्तरे देत गेले की पान पुढे सरकते. मग येते डिस्कचे पान. इथे ‘सगळी डिस्क वापर’ म्हणणारा पहिला पर्याय असतो, तो घेणाऱ्याच्या घरातले दुसरे बिऱ्हाड रस्त्यावर येते. ज्यांच्याकडे विंडोज राहायचे आहे त्यांनी ‘मीच सांगतो’ हा पर्याय घ्यावा. मी घेतला. पडद्यावर वाड्याचा नकाशा आला. आरंभीचा तो चिमुकला भाग म्हणजे सामाईक दिंडी दरवाजा. त्याला हात लावायचा नाही. पुढचा मोठा भाग विंडोजचा, त्यालाही नाही. त्यानंतरची माझी खोली. ती काढून टाकून तिच्या जागी मी दोन खोल्या आखल्या: चाळीस जीबीची प्रणालीसाठी आणि उरलेली सगळी सामानासाठी. पुढच्या वेळी प्रणाली बदलताना सामानाला धक्का लागायला नको, ही अक्कल पाच वर्षांनी आली होती.

इथवर जे केले ते सगळे कागदावरचे असते. डिस्कवर अजून एक रेघही ओढलेली नसते. मग डेबियन शेवटचा प्रश्न टाकते: हे बदल डिस्कवर लिहू का? आणि ‘हो’ व ‘नाही’ ह्यांतल्या ‘नाही’वर खूण तिने आपणहून करून ठेवलेली असते. माणसाने मुद्दाम हलवल्याशिवाय ती ‘हो’वर जात नाही.

मी ती हलवली. आता एक कळ दाबायची. तेवढ्यात फोन वाजला.

‘‘बाळ, सोने घेतलेस का?’’ अक्का. तिच्या लेखी मी अजून बाळच आहे.

‘‘घेतले. नमस्कार करतो.’’

‘‘औक्षवंत हो. अरे, आज म्हटले दसरा आहे, आईला ऐकावे. नातवाने ती तुझी डबी लावली. पण ती वाजत नाही रे.’’

‘‘वाजत नाही म्हणजे? आवाज वाढव म्हणावे.’’

‘‘आवाजाचे नाही. नावे सगळी दिसतात. ओवी एक, ओवी दोन, भाजणी. पण कशावरही बोट ठेवले की काही नाही. नातू म्हणतो, फाइल सापडत नाही. नुसती नावे आहेत, बाळ. आई नाही.’’

मी फोन कानाला धरून पडद्याकडे पाहत राहिलो. खूण ‘हो’वर होती.

काय झाले ते नातवाने दोन वाक्यांत सांगितले, आणि ते त्याला मिरजेत बसून कळले ह्याचे मला आजही वाईट वाटते. मी जतन केली होती ती यादी. वाण्याच्या यादीत साखर लिहिलेली असते, म्हणून ती पिशवीत नसते. प्रोग्रामने कोणत्या फाइली, कोणत्या क्रमाने, आणि त्या ठेवल्या कुठे, एवढे तीन किलोबाइटांत लिहून दिले होते. माझ्या घरी ती यादी वाजली, कारण यादीत लिहिलेला पत्ता माझ्याच लॅपटॉपातला होता. मी पेन-ड्राइव्हवरची आई ऐकतो आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात तो पेन-ड्राइव्ह मला माझ्याच घरातल्या आईकडे बोट करून दाखवत होता. आणि ते घर मी धुवायला काढले होते.

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘अहो, हात काढा आधी तिथून.’’

मी हात काढला. खूण ‘नाही’वर आणली, मागे गेलो, मांडणी सोडून दिली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. पहारेकऱ्याने नेहमीप्रमाणे विचारले, कोणाकडे? जुनी उबुंटू यादीत होती. तिच्यात गेलो, फोल्डर उघडले. तेवीसच्या तेवीस फाइली जागच्या जागी होत्या. त्यांचे वजन पाहिले: सहाशे चाळीस एमबी. तीन किलोबाइटांत तेवढे मावले म्हणून मी भाच्याला बोटांच्या चपळाईबद्दल सांगणार होतो!

त्या रात्री बिऱ्हाड बदलले नाही. खऱ्या फाइली दोन डब्यांत घेतल्या. एक दुसऱ्या दिवशी शेजारच्या बिऱ्हाडात, म्हणजे खरोखरच्या शेजाऱ्यांच्या संगणकावर, लावून पाहिली. दुसरी दसऱ्याला पुण्यात आलेल्या एका नातेवाइकाबरोबर मिरजेला गेली. मिरजेहून फोन येईपर्यंत मी लॅपटॉपावर लेखसुद्धा लिहिला नाही.

फोन आला रविवारी दुपारी. अक्का काही बोलली नाही. तिने फोन नुसता संगणकाजवळ धरला. मिरजेहून पुण्यापर्यंत आईचा आवाज आला, जरा लांबून, दळताना खाली वाकून म्हटल्यासारखा. सौभाग्यवती हातातले काम टाकून आल्या. ओवी संपली, मध्ये क्षणभर काही नाही, आणि मग, ‘‘ते बंद कर आधी, उगीच वीज जळते.’’ अक्का हसायला लागली आणि हसता हसता तिने फोन ठेवून दिला. बारा वर्षांत मी ती फाइल पुष्कळदा ऐकली असेन. पण ती आता माझ्या एकट्याच्या यंत्रावर अवलंबून नाही, हे त्या दुपारी कळले.

सोमवारी कोजागिरी होती. आटवलेल्या दुधाचा पेला शेजारी ठेवून मी पुन्हा डेबियनच्या पंगतीला बसलो. तेच प्रश्न, तोच नकाशा, तीच शेवटची विचारणा. ह्या वेळी खूण ‘हो’वर नेताना हात कापला नाही. पाऊण तासात निळे डायनोसॉर घरात आले, आणि भाच्याने म्हटल्याप्रमाणे खरोखरच हलक्या पावलांनी आले. वाय-फाय पहिल्या हाकेला ओ देऊन लागले. जुन्या उबुंटूतले हुकूम इथेही तसेच चालतात असे दिसले. लेकीच्या घरची भांडी आईच्याच घरून आलेली असतात, त्यातला प्रकार.

एक फजिती मात्र झालीच. यंत्र पुन्हा सुरू केले तर पहारेकऱ्याच्या यादीतून विंडोज नाहीसे! भजनी मंडळाचे हिशेब गेले म्हणून मी मनातल्या मनात माफीनामा रचू लागलो. पण विंडोज कुठेही गेले नव्हते. 2021 साली आलेल्या ग्रबच्या 2.06 ह्या आवृत्तीपासून शेजारी कोण राहते ह्याची आपणहून चौकशी करण्याची त्याची सवय सुरक्षिततेसाठी मोडली आहे. आणि मांडणीच्या वेळी प्रश्नांच्या भरात चौकशी करू का ह्याला मी बहुधा ‘नको’ म्हणून बसलो असेन. ग्रबच्या सूचनांच्या फाइलीत ‘ओएस-प्रोबर’ ह्या चौकशीदाराला परवानगी देणारी एक ओळ असते. ती जागी केली, ‘अपडेट-ग्रब’ असा हुकूम दिला, आणि पहारेकऱ्याने शेजाऱ्यांचे नाव पुन्हा पाटीवर लिहिले. घड्याळाचा तंटाही मागच्यासारखाच मिटवून टाकला. सौभाग्यवतींना ह्यातले काही कळले नाही; त्या दूध पीत गच्चीवर चंद्र पाहत होत्या.

पुढे त्याच महिन्याच्या 14 तारखेला त्यांच्या विंडोज 10 चीही नेहमीची देखभाल संपली. आणि नवे विंडोज 11 आमच्या म्हाताऱ्या यंत्राला आपल्या दारात उभे करत नाही. तेव्हा ते बिऱ्हाडही एक दिवस हलणार. भजनी मंडळाच्या हिशेबांची नक्कल त्यांनी आत्तापासूनच काढली आहे आणि ती मंडळाच्या चिटणीसबाईंच्या घरी उघडून पाहिली आहे. माझ्यावर विसंबल्या नाहीत.

वाचकहो, प्रणाली कोणती घालावी, फोसा बरा की ट्रिक्सी, ह्याबद्दल मला विचारू नका. त्या सगळ्या फुकट मिळतात, आणि बिघडल्या तर पुन्हा मिळतात. दुसऱ्यांदा मिळत नाही ते आपले सामान. त्याची नक्कल जरूर काढा. पण ती आपल्या घरी वाजली म्हणून विश्वास ठेवू नका. आपल्या घरी खोटी नक्कलसुद्धा खरी वाटते, कारण अस्सल जवळच असते. ती दुसऱ्याच्या घरी नेऊन लावा. तिथे वाजली, की मग खुशाल खूण ‘हो’वर न्या.

अक्काची डबी मिरजेलाच आहे. ह्या दिवाळीला भाजणीचे प्रमाण तिने त्यातूनच ऐकून घेतले, आणि मीठ मात्र आईने सांगितले त्याहून जरा जास्तच घातले, असे तिने फोनवर कळवले आहे.